राजूरच्या पुढे पिकअपचे झटके आणि आक्काच्या मधपेट्या

माझी थोरली बहीण, आक्का, मधमाश्या पाळते. जाफराबादकडच्या एका शेतकऱ्यानं बियाण्यासाठी कांदा लावलाय. परागीकरणासाठी त्याला पेट्या हव्या होत्या. आक्काचं हे पहिलंच मोठं काम. "माझी पिकअप हाय की," मी म्हणून गेलो. गाडी जुनी, डिझेलची. पण तोवर कधी दगा दिला नव्हता.

या वाटेनं पेट्या न्यायच्या असतील तर नवीन जालन्यातून अंधारातच निघा. दारं जाळीनं बंद केलेल्या पेट्यांना चालत्या गाडीचा वाराच तारतो. गाडी थांबली की आत भट्टी होते. राजूरपर्यंत रस्ता छान. आम्ही उजाडताना पोचलो, गणपतीला बाहेरूनच हात जोडले, उभ्या उभ्या पोहे खाल्ले. चहा सोडला, उशीर नको म्हणून.

राजूर सोडून टेंभुर्णीकडे वळलो आणि गाडीनं झटका दिला. मग दुसरा. ॲक्सिलेटर दाबला तर ती आणखीच गुदमरली आणि बंद पडली.

"काय झालं रे?" आक्कानं विचारलं.

"डिझेल ओढून न्हाई राह्यली."

"मंग जल्दी बघ. ऊन चढून राह्यलंय."

फिल्टरवरचा हातपंप मारला, स्क्रू ढिला करून लाइनमधली हवा काढली. गाडी सुरू झाली. मी हसलोसुद्धा. थोडं पुढे गेलो आणि पुन्हा तेच. जालना एमआयडीसीजवळच्या आमच्या मिस्त्रीला, रफिकभाईंना फोन लावला. "फिल्टरमध्ये कचरा आसंल भाऊ, बदलून टाका," ते म्हणाले. सीटखाली नवा फिल्टर होता, तो घातला. गाडी पळाली. एक चढ पार केला, आणि पुन्हा झटके. आता फोनला रेंजही नव्हती.

मागे आक्का ओल्या पोत्यांवर पाणी शिंपडत होती. एकेका पेटीला कान लावत होती. मधमाश्यांचा आवाज एवढा मोठा झाला होता की रस्त्यावरून जाणारा मोटारसायकलवाला लांबूनच वळसा घालून गेला. एका पेटीजवळ ती थांबली.

"हिचा आवाज कमी झालाय."

"चांगलंय ना?"

"चांगलं न्हाई. दमल्यात त्या. मरून राह्यल्यात."

दार उघडलं तर माश्या बाहेर पडणार, आणि गाडी हलली की बाहेरच्या इथंच राहणार. न उघडावं तर त्या पेटीतल्या सगळ्याच मरणार. आक्कानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. तिनं पेटी बाभळीच्या सावलीत ठेवली आणि जाळी काढली.

डिझेलमध्ये पाणी असेल का, हे बघायला टाकीचं झाकण फिरवलं. आणि "फुस्स्" करत टाकीनं हवा आत ओढली. बराच वेळ ओढत राहिली.

तेव्हा कळलं. चोरीच्या भीतीनं नुकतंच कुलपाचं झाकण बसवलं होतं. त्याला हवा जायचं भोकच नव्हतं. डिझेल बाहेर जायचं, त्या जागी हवा येत नव्हती, आणि इंजिन उपाशी. गाडी उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा शिरायची, म्हणून दर वेळी मला माझी दुरुस्ती फळल्यासारखी वाटायची.

"आक्का, सापडलं!"

ती बाभळीखाली बसली होती. "मंग चल," एवढंच म्हणाली. पेटीला पुन्हा जाळी लावून ती गाडीत ठेवताना तिनं दोन-चारदा मागे पाहिलं. कितीतरी माश्या हवेतच होत्या. आम्ही निघालो तेव्हा त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत होत्या.

टाकीला झाकणाऐवजी फडकं बांधलं. टेंभुर्णीवरून जाफराबादपर्यंत एकही झटका नाही, तरी प्रत्येक खड्ड्याला मी इंजिनकडे कान लावत होतो. शेतात कांद्याच्या फुलांचे पांढरे गोंडे डुलत होते. पेट्या मांडल्या, माश्या निघाल्या, फुलांवर बसल्या. ती एक पेटी मात्र गप्प राहिली, ती परत गाडीत ठेवली. शेतकरी म्हणाला, "ताई, एक कमी तर कमी. ऱ्हायलेल्या बराबर हायेत."

घरी येऊन आठवडा झालाय. भोकाचं झाकण आलंय, गाडी ठीक आहे. तरी मी गाडीत गाणी लावत नाही. इंजिनचाच आवाज ऐकत बसतो. आक्का माझ्यावर रागावली नाही. काल विचारलं तर म्हणाली, "तू लवकर सापडवलंस म्हणून बाकीच्या जगल्या." पण म्हणताना ती मेलेल्या माश्या झाडून ती पेटी उन्हात ठेवत होती, आणि मला ते पटलेलं नाही.