प्लॅस्टिकची होडी आणि तुझ्या आईची वेणी

ये गं पोरी, अशी मावशीजवळ सरक. सरकणार कुठून म्हणा, तू तिकडं सांगलीत! फोन केला की "कामात हाय मावशी" एवढंच. कर बाई काम, पण आमच्या होडीचं काय झालं ते तरी ऐक.

धरणाच्या पाण्यापलीकडं तुझी आई, अलीकडं मी. मध्ये आमची ती पांढरी प्लॅस्टिकची होडी. पाटणवरून रस्त्यानं वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडतो, आणि एसटीची पायरी माझ्या गुडघ्यांना चढवत नाही. तुझ्या आईनं अंथरूण धरलं तेव्हापासून तुझे काका मला होडीनं पलीकडं सोडायचे, मी तिची वेणीफणी करून यायची. तुझी वहिनी तिचं सगळं करते गं, लय गुणाची. पण केसाला हात माझाच लागतो तिला.

मग पाणी उतरलं. धरणात बुडालेल्या आंब्याचं खोड पाण्याच्या जरा खालीच राहिलेलं, ते दिसलंच नाही. होडीच्या बुडाला वीतभर चीर गेली.

तुझ्या काकांचा जन्म लाकडी होडीत गेलेला. ती गळायला लागली की पाण्यात बुडवून ठेवायची, लाकूड फुगतं आणि फट मिटते. यांनी दगड भरून प्लॅस्टिकची होडीसुद्धा बुडवली!

मी म्हटलं, "आवं, प्लॅस्टिक कवा फुगतंय व्हय? मग माझी फुटकी बादली पण बुडवा की!"

"तू गप बस. भिजू दे जरा."

भिजली. वर काढली तर चीर तशीच, वर शेवाळ तेवढं आलेलं.

मग उसातली ठिबकची जुनी नळी कापून आणली. माझा विळा चुलीत लाल केला आणि नळी वितळवून चिरेवर थापली. शेतातला पाइप असाच जोडतात ना! वास असा सुटला की म्हैस दावं तोडायला लागली. गार झाल्यावर यांनी नखानं जरा उचकून बघितलं, तर ती काळी पट्टी खपलीसारखी अख्खी हातात आली. हे तिथंच बसून राहिले. मग मलाही चेष्टा सुचली नाही.

पाटणला एकजण गरम हवेच्या मशीननं प्लॅस्टिक सांधतो म्हणे. पण आमच्या उतारावर टेंपो येत नाही, आणि दोघा म्हाताऱ्यांना ती होडी वर ओढवत नाही. पालथी पडलीय, कोंबड्या बसतात तिच्यावर.

संध्याकाळी मी काठावर जाते. पलीकडं तुमच्या घराचा धूर दिसतो. हाक मारते, पोचत नाही. परवा वहिनीचा फोन आला, "मावशी, केसांचा पार गुंता झालाय, कापू का? सासूबाई म्हणत्यात, बहिणीला येऊ दे."

काय सांगू तिला? "थांब" म्हटलं.

फणी आणि तेलाची बाटली पिशवीत भरून ठेवलीय, पिशवी दारामागं टांगलीय. तुझी गाडी आमच्या वरच्या रस्त्यापर्यंत येते, तिथवर मी काठी टेकत येईन. वळसा घालून मला घेऊन चल. ये गं बाई, लवकर ये.