मुंग्या येणारा खांब

अबूधाबीतल्या रुवैसच्या बाहेर मालगाडीच्या रुळांच्या देखभालीचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि मी तिथली सेफ्टी ऑफिसर. दर सोमवारी सकाळी कामगारांसमोर उभी राहून मी छापील प्रश्नोत्तरं वाचायची. रुळात करंट असतो का? इथली इंजिनं डिझेलची, त्यामुळे गाडी ओढणारी वीज रुळात नसते. सिग्नलची थोडीशी असू शकते. तरी रुळावर बसायचं नाही. तारेवरच्या पक्ष्याला शॉक का बसत नाही? त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात म्हणून. माणसं हसायची, मी पुढचं वाचायची.

एका सोमवारी सावंतवाडीकडचा एक फिटर उठला. पन्नाशीचा, एरवी तोंड न उघडणारा. कामगार राहायचे त्या कॅम्पातल्या नळाशेजारच्या दिव्याच्या खांबाला ओला हात लागला की मुंग्या येतात, हे ठीक आहे का, असं त्याने विचारलं. कागदावर हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, ठीक नाही, कुणी हात लावू नका, दुपारी येऊन बघते.

खांबाच्या बुडाचं झाकण गायब होतं. आत उघड्या वायरी, अर्थिंग तुटलेलं, आणि खांबाच्या बुडावरून कपडे धुतलेलं पाणी वाहत होतं. ब्रेकर सारखा ट्रिप व्हायचा म्हणून कुणीतरी तो बायपास करून ठेवला होता. मी कॅम्प मॅनेजरला फोटो दाखवले. तो मराठीच, पुण्याचा. भात कालवता कालवता त्याने ते पाहिले आणि म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."

खांबाची लाईन बंद करायचा अधिकार मला होता. पण कॅम्पात अंधार झाला म्हणून तक्रार आली असती. मी खांबाला लाल पट्टी गुंडाळली आणि निघून आले.

चौथ्या दिवशी बादली उचलताना फिटरचा पाय घसरला आणि आधाराला हात गेला तो खांबावरच. शेजारच्याने लाकडी बाक मारून त्याला सोडवलं. जीव वाचला, उजवा तळवा जळला.

मॅनेजरने फिटरच्या नावाने इंग्रजीत जबाब तयार केला: वारंवार सूचना देऊनही कामगाराने खांबाला हात लावला. तो मराठीत समजावून सही आणायचं काम माझ्याकडे आलं. हॉस्पिटलात फिटरच्या बँडेजमधून पिवळं पाणी झिरपत होतं आणि मी नीट, स्वच्छ आवाजात ते वाचत होते. वाचताना स्वतःच्या तोंडाचीच किळस आली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, मी आधी सांगितलेलं यात कुठे आलं?"

"नाही आलं."

"मग डाव्या हाताने सही करू?"

"नका करू," मी म्हटलं.

त्या दुपारी मी माझा वेगळा रिपोर्ट लिहिला. त्याचा सोमवारचा प्रश्न, फोटो, मॅनेजरचं उत्तर, आणि अधिकार असून मी लाईन बंद केली नाही हेही. तो कंपनीच्या डोक्यावरून, थेट आम्हाला कंत्राट देणाऱ्यांकडे पाठवला. फिटरला भरपाई मिळाली. दोन बोटं मात्र वळत नाहीत. तो गावी गेला. मला वॉर्निंग लेटर मिळालं, आणि मॅनेजरला दुसरा, आधीपेक्षा मोठा कॅम्प.

काही महिन्यांनी बर दुबईत, कापडाच्या दुकानात मॅनेजर भेटला. बायकोसाठी साडी निवडत होता. "खलास ना आता? मनात ठेवू नका," असं म्हणून त्याने चहा मागवला. चहा मी घेतला नाही. पण निघताना सवयीने हसून नमस्कार केला. त्या हसण्याची शिसारी अजून जात नाही.