पूजेसाठी दिलेली किल्ली

"किल्ली देऊन टाक," असं मी म्हणाले, तो दिवस आठवला की अजून डोकं तापतं. पोलिसांत तीस वर्षं काढून दुबईजवळ अजमानला लेकीकडे राहायला आले, आणि माझ्याच सल्ल्यानं एक माणूस बुडायला आला.

तो आमच्या इमारतीतला, साताऱ्याकडचा इंटिरियर कंत्राटदार. शेजारच्या उम्म अल कुवैनला एका मराठी व्यापाऱ्याचा व्हिला त्यानं नवा करून दिला. शेवटचे चाळीस हजार दिरहम, म्हणजे आपले नऊ-साडेनऊ लाख, येणं होतं. पैसे मिळेपर्यंत काम ताब्यात ठेवायचा तुझा हक्क आहे, किल्ली सोडू नकोस, असं वकिलानं बजावलं होतं. तेवढ्यात मालकाचा फोन आला, गुरुवारी वास्तुशांत आहे, किल्ली हवी.

"मावशी, काय करू?"

"दे रे. शुभकार्यात आपल्या माणसाला अडवू नये."

पूजेला मीही जेवून आले. शनिवारी व्हिलाचं कुलूप बदललेलं. मालक म्हणे, काम निकृष्ट आहे, एक दिरहम मिळणार नाही. पोलीस ठाण्यात कंत्राटदाराला सांगितलं, बाब दिवाणी आहे, कोर्टात जा. मीही हेच शेकडो लोकांना सांगत आले होते.

मग मी त्याचा जबाब घ्यावा तसं विचारलं. "निकृष्ट आहे, हे त्यानं लिहून दिलंय?"

"नाही, तोंडीच."

"मग तू आता गप्प बस."

इथं चोरून रेकॉर्डिंग करणं गुन्हा आहे, म्हणून मी मालकाला सरळ व्हॉट्सॲपवर लिहिलं: लेकीला किचन करायचंय, तुमचा माणूस कसा आहे? दोन मिनिटांत सहा फोटो आले. "एक नंबर काम, काकू. डोळे झाकून द्या." धाक घालून जे निघत नाही, ते घराचं कौतुक केलं की निघतं.

त्या मेसेजवर दावा उभा राहिला आणि पैसे मिळाले, पण सात महिन्यांनी. किल्ली हातात असती तर आठवड्यात मिळाले असते. तोवर सुतारांचे पगार भागवायला त्यानं पिकअप विकली, बायकोमुलं गावी धाडली.

पुढे दुबईत ऊद मेथाला एका कार्यक्रमात मालक भेटला. हसत म्हणाला, "काकू, झालं ना सगळं खलास?"

"त्याची पिकअप दारात आणून उभी कर. मग खलास म्हण."

राग त्याच्यावर आहेच. त्याहून जास्त माझ्यावर आहे. नोकरीत कुणाचं गाव, आडनाव बघून मी पंचनामा कधी अर्धा सोडला नाही. इथं परक्या मुलुखात मराठी ऐकलं आणि चौकशीच केली नाही.