परत केलेलं बूच

अकोल्याच्या एका प्रसूतिगृहात मी नर्स होते. अंगणातल्या लाकडांवर तापणाऱ्या बंबाचं पाणी नळाने वॉर्डात आणायला बडनेऱ्याचे एक फिटर आले. नळांच्या आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावायचे, मग गळती तपासायला प्रत्येक जोडावरून कोरडा अंगठा फिरवायचे. बंबावरची एक नळी मात्र त्यांनी उघडीच ठेवली. वाफ वाया जाते म्हणून मी बूच आणून त्यांच्या हातात दिलं.

"तापल्या पाण्याले श्वास घ्याले जागा लागते, बाई," म्हणत त्यांनी ते परत केलं. मी मागाहून ते बसवणार हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखून त्यांनी नळीचे आटेच कानशीने घासून टाकले. आता बूच बसणारच नव्हतं. मी चिडले.

पुढे एका सकाळी वॉर्डाचा नळ गाळाने तुंबला. बंब फुटायचा तो नुसता थरथरला आणि सगळी वाफ त्या उघड्या नळीतून निघून गेली. भिंतीआड चार बाळं झोपली होती.

ते बूच अजून माझ्या खणात आहे. दिसलं की हात आपोआप जोडले जातात.