इस्तंबूलच्या फाटकावर

इस्तंबूलमध्ये सुलतानांच्या जुन्या राजवाड्याच्या फाटकावर एका पहारेकऱ्याने माझ्या मित्राकडे बोट दाखवून मला इंग्रजीत विचारलं, "हा तुमच्याबरोबर आहे का?" मी "नो" म्हणालो. वर मानही हलवली. पुढे दीड वर्ष मी हे कुणाला सांगितलं नाही. विषय निघाला की गर्दीचं कारण पुढे करत आलो.

पारोळ्यात माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. त्या वर्षी कपाशीचं बियाणं चांगलं खपलं, म्हणून एका कंपनीने दोघांची परदेश सहल दिली. बायको म्हणाली, "मला विमान नको. तुमच्या मित्राला न्या, मी आठ दिवस माहेरी राहते." मित्र म्हणजे शाळेत एका बाकावर बसलेला, पारोळ्याजवळच्याच खेड्यात शेती करतो. त्याचा पासपोर्ट काढायला मीच धावपळ केली. मुंबईच्या विमानतळावर शिक्का बसल्याबरोबर त्याने तो माझ्या हातात दिला. "तुनाजोडेच राहू दे," म्हणाला. तेव्हापासून दोघांचेही पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाकिटात होते.

सहलीतले बाकीचे सगळे जळगाव-धुळ्याचे मोठे व्यापारी. त्यांच्यात बसताना मी जरा जपूनच बोलायचो. मित्राला हे असलं काही जमत नाही. त्या दिवशी सकाळी आम्ही बोटीतून समुद्राची खाडी ओलांडत होतो. मागे घुमट आणि मिनार, डोक्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा थवा. हा कठड्यावर वाकून पक्ष्यांना पाव टाकत होता आणि गावातल्या कुत्र्याला हाक मारावी तसा त्यांना ओरडून बोलावत होता. धुळ्याचे एक व्यापारी मला म्हणाले, "शेठ, तुमच्या गड्याला आत बसवा, पडेल नाहीतर!" सगळे हसले. हा माझा मित्र आहे, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मीही हसलो. त्यानेच वळून म्हटलं, "गडी ते गडी! मंग जेवाले काय देशी, शेठ?"

बोटीतून उतरून बसने आम्ही राजवाड्याच्या तटाखाली आलो आणि तिथून चालत फाटकाशी. तिकीट सगळ्यांचं एकत्र, गाईडच्या हातात, आणि गाईड सगळ्यांच्या पुढे. तपासणीच्या यंत्रातून मी पुढे आलो आणि मागे मित्राला अडवलं. त्याच्या खिशातून कापडी चंची निघाली होती. सुपारी, तंबाखू, अडकित्ता आणि चुन्याची डबी. पहारेकऱ्याने अडकित्ता उघडून-मिटून पाहिला. मग डबी उघडली, पांढरा चुना बोटावर घेऊन हुंगला आणि दुसऱ्याला हाक मारली. मित्र मोठ्याने समजावत होता, "चुना शे भाऊ, चुना! खाईसन दखाडू का?" मागची रांग थांबली, लोक मोबाइल काढू लागले. "शेठ, चला हो," धुळ्याचे व्यापारी माझ्या कानाशी म्हणाले, "परक्या देशात पोलिसांची झंझट नको." तेवढ्यात पहारेकऱ्याने मला तो प्रश्न विचारला.

पोलिसांची भीती वाटली, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. भीती होतीही. पण लाज तिच्या आधी वाटली होती, अगदी बोटीपासून. मी "नो" म्हणालो तेव्हा मित्र माझ्याकडेच बघत होता. त्याला इंग्रजी येत नाही. पण एवढा शब्द कुणाला कळत नाही?

मी आत गेलो. दोन मिनिटांत सोडतील, येईल मागून, असं म्हणत निळ्या फरशांच्या भिंती पाहिल्या, हिरे पाहिले. तो आला नाही. तासाभराने मी फाटकाकडे पळालो, तर पहारेकरी बदललेले. गाईडने चौकशी केली. अडकित्ता ठेवून घेऊन त्याला केव्हाच बाहेर सोडला होता. तिकीट नाही, पासपोर्ट नाही, फोन चालायचा तो माझ्या फोनच्या इंटरनेटवर. गाईड म्हणाला, "मी बाकीच्यांना जेवायला पोचवतो. संध्याकाळपर्यंत नाही सापडला तर पोलिसांत जाऊ."

मी शोधत सुटलो. ट्रामचे रूळ, मशिदीसमोरचं मैदान, मक्याची कणसं विकणाऱ्या गाड्या. त्याच्यासारखी टोपी घातलेल्या एकाच्या पाठीला हात लावला, त्याने वळून पाहिलं, भलताच. तिथली माणसंही आपल्यासारखीच रापलेली, मिशावाली. प्रत्येक चौकात दोन-तीन वेळा तो दिसायचा आणि नसायचा. अशातच त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. तो कापून मी साधा फोन लावला.

"भाऊ, त्यास्ना फोन लागत नही. कोठे शेतस?"

"इथंच आहेत वहिनी. फोटो काढताहेत."

"मंग द्या ना."

"गर्दी फार आहे. हॉटेलवर गेल्यावर लावतो." मी फोन ठेवला.

एका कारंज्याच्या काठावर बसलो आणि लहानपणीची मुक्ताईनगरची यात्रा आठवली. त्याचे आबा आम्हा दोघांना घेऊन जायचे. गाडीतून उतरल्या उतरल्या दम द्यायचे : जो हरवला त्याने इथं येऊन उभं राहायचं आणि हलायचं नाही, दुसऱ्याने शोधत यायचं. मी तटाखाली, बस थांबली होती त्या जागी धावलो.

तो तिथे होता. भिंतीला टेकून उभा, हातात कुणी दिलेला चहाचा छोटा काचेचा पेला. चार तास तो तिथून हलला नव्हता.

"राजाना वाडा कसा व्हता रे?" त्याने विचारलं.

"गर्दीत तू दिसलाच नाहीस मला," मी म्हणालो.

त्याने पेल्यातला उरलेला चहा पिऊन टाकला. मग म्हणाला, "व्हई. गर्दी व्हतीच."

गावी परतल्यावर तो ही गोष्ट रंगवून सांगायचा. कसा हरवलो, कसा उभा राहिलो, शेठ कसा घामाघूम होऊन धावत आला. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की चुन्याच्या डबीचा प्रसंग तो कधीच सांगत नाही. सगळ्यात हसवणारा भाग तोच, आणि हा माणूस तो गाळून थेट भिंतीपाशी येतो. गोष्टीत फाटक आलं की माझं "नो"ही येणार, म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या अंगणात बसलो होतो. सोनगीरहून त्याचे मेहुणे आले होते. "इतली गर्दीमा हाऊ हारपना कसा?" त्यांनी विचारलं. मित्राने घाईने विषय बदलला, कपाशीच्या भावावर आणला. वहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना तिथंच थांबायला सांगितलं आणि त्याच्याकडे वळलो.

"तू हारपना नही. मी तुले सोडं. पहारेकरीनी इचारं, हाऊ तुना संगे शे का, आनि मी नही म्हन्तं. माले तुनी लाज वाटनी व्हती. वहिनी, तुमले बी मी फोनवर खोटं सांगं. मनं चुकनं, भाऊ. माले माफ कर."