आई फिरायला चालली

माझी धाकटी बहीण युरोपातल्या ज्या देशात राहते, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. मला त्यांच्याकडून अजून एक व्हिसा काढायचाय आणि ती माणसं वाचतात. आपल्याकडे फाइल जाड असली की साहेब खूश होतो, आत काय आहे ते कोण बघतो. तिकडे आतलं बघतात, हे आम्हाला जरा महागात कळलं.

बहिणीला दिवस गेले होते. आईने तिकडे जायचं, बाळंतपण करायचं आणि सव्वा महिना उरकला की परत यायचं, असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे कुणी ठरवलं नाही. आमच्यात मुलीचं बाळंतपण आई करते, मग मुलगी परळला असो नाहीतर उत्तर ध्रुवाच्या शेजारी. जावई बिचारा भला माणूस. इथे सरकारी नर्स घरी येते, आईंनी एवढी दगदग करू नये, असं तो फोनवर म्हणाला. "येऊ दे," आई म्हणाली, "तिका पण जेवूक घालीन."

बहिणीची ही दुसरी खेप होती. दोन वर्षांपूर्वी पहिली तिसऱ्या महिन्यात गेली. तेव्हा आनंदाच्या भरात आईने शेजारच्या काकीला बातमी सांगितली होती आणि आठवड्याच्या आत तिकडून तो फोन आला. आई काकीला एका शब्दाने काही बोलली नाही. फक्त आमचं दार, जे आमच्या चाळीतल्या सगळ्या दारांसारखं दिवसभर सताड उघडं असायचं, ते लोटलेलं राहू लागलं. काकी काय समजायचं ते समजली. पूर्वी तिच्याकडून मोरी माशाची आमटी यायची, आमच्याकडून आंबोळ्या जायच्या. ते सगळं बंद झालं आणि गॅलरीत नुसतं "बरा मा?" एवढंच उरलं. मला आईचा राग यायचा, पण काकीकडे जाऊन तसं सांगायचं धाडस मलाही झालं नाही.

त्यामुळे या खेपेला गुप्तता अशी, की संरक्षण खात्याने शिकून घ्यावी. चाळीत जाहीर एवढंच झालं, की आई युरोपात फिरायला चालली आहे. जी बाई आयुष्यात राणीच्या बागेत फिरायला गेली नव्हती, ती आता थेट युरोपात जाणार, याच्यावर कुणाचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही. पण तोंडावर कुणी तसं बोललं नाही.

युरोप म्हटल्यावर काकीचे यजमान हजर झाले. काका निवृत्तीनंतर टूर कंपनीबरोबर युरोप करून आले होते, आणि तेव्हापासून आमच्या मजल्यावर परराष्ट्र धोरण तेच सांभाळायचे. शेंगेन म्हणजे काय हे त्यांनी मला आमच्या गॅलरीत उभं राहून समजावलं. एकोणतीस देश म्हणजे एकोणतीस खोल्या, पण गॅलरी कॉमन. एकदा जिन्यावरून वर आलात, की कुणाच्याही दारावरून जा, कोण विचारत नाही. एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस गॅलरीत वावरायला परवानगी, मग एका खोलीत बसा नाहीतर सगळ्या हिंडा. इथवर त्यांचं सगळं बरोबर होतं.

"आता खरी गोम ऐक," काका म्हणाले. "बहीण राहते तिथला व्हिसा मागूच नकोस. ते लोक खडूस. मी सांगतो त्या देशाचा काढ, ते कुणालाही देतात. आईला तिकडे उतरव आणि ट्रेनमध्ये बसव. गॅलरी कॉमन ना?"

मी नियम वाचले होते. ज्या खोलीत जास्त दिवस बसणार, परवानगी तिथली काढायची. सगळीकडे सारखेच दिवस असतील, तर जिथे पहिलं पाऊल टाकणार तिथली. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "नियम तर आपल्याकडे पण आहेत."

मी फाइल सरळ लावली. उद्देशाच्या रकान्यात मुलीचं बाळंतपण असंच लिहिलं आणि तिकडच्या डॉक्टरचं पत्र जोडलं. आई हटून बसेल असं वाटलं होतं, पण तिचं शास्त्र वेगळंच निघालं. "कागदार लिवलेला चलता," ती म्हणाली. "तोंडान बोलाचा नाय." दृष्ट बोललेल्या शब्दाला लागते, टाइप केलेल्याला लागत नाही. तरी तो कागद वाचणार कोण, बाई की बाप्या, एवढं तिने विचारून घेतलंच.

आई परत येणार याचा पुरावाही जोडायचा होता. वडील गेलेले, नोकरी नाही, शेती चुलत्यांच्या ताब्यात. अशी बाई तिकडे मुक्काम ठोकेल ही त्यांना भीती. आईला त्यात भिण्यासारखं काय ते कळेना. गावच्या घरात गणपती असतो, तो सोडून कोण राहतं, असं तिचं म्हणणं. ते मी लिहिलं. मग ती म्हणाली, असं पण लिही, की मोठ्या मुलीचं लग्न व्हायचंय. मोठी मुलगी म्हणजे मी. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, लोअर परळच्या एका कंपनीत हिशेब तपासणारी बाई, आणि माझी आई मला परदेशी वकिलातीपुढे तारण ठेवत होती. मी तेही लिहिलं. निदान कुठेतरी माझा उपयोग होत होता.

व्हिसा सेंटरात सगळं सुरळीत झालं. बोटांचे ठसे दिले, फोटो दिला. फोटोत हसायचं नाही म्हणून आईने असा चेहरा केला, की मलाच भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी मी कामावरून आले, तर आई बांगडे साफ करत बसली होती आणि खुशीत होती.

"आज एका बायचो फोन इल्लो," ती म्हणाली. "बोलाक गोड. माका इचारता, मावशी, तुम्ही कशाला चाललाय? मी म्हटलंय, फिरूक."

मी खांद्यावरची पर्स तशीच धरून विचारलं, "मग?"

"मग इचारता, मुलगी गरोदर आहे ना तुमची? तिका कोणी सांगल्यान? मी म्हटलंय, छे, कोण म्हणता? माझा चेडू ठणठणीत आसा."

"आई, अगं ती वकिलातीतली बाई होती."

"तर परत इचारता, नक्की ना? मी म्हटलंय, देवाशपथ."

तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. फाइलमध्ये डॉक्टरचं पत्र, सोनोग्राफीच्या तारखा, जावयाची सही, आणि खुद्द आजी होणारी बाई शपथेवर सांगते, की तसं काही नाही. त्या अधिकाऱ्याच्या जागी मी असते तर मीही नाही म्हटलं असतं.

त्यांनी तेच केलं. पासपोर्ट परत आला, सोबत एक छापील कागद. प्रवासाचा हेतू पटण्याजोगा नाही, या चौकटीत फुली.

मी आईला नाही नाही ते बोलले. तुझ्या दृष्टीबिष्टीच्या खुळापायी आता ती एकटी बाळंत होणार, असंही बोलले. ती एरवी एका वाक्याला चार वाक्यं देणारी बाई. त्या दिवशी पातेल्यातला भात ढवळत राहिली, जो ढवळायची काही गरज नव्हती. मग म्हणाली, "मागच्या येळाक तोंडातसून गेला माझ्या. तुका काय, तू शिकलेली. माका परत ता नको."

दृष्टीवर माझा विश्वास नाही. पण मी स्वतः तरी ऑफिसात बहिणीबद्दल कुणाला सांगितलं होतं? मधल्या सुट्टीत दुसऱ्यांच्या सुनांची डोहाळजेवणं चवीने ऐकायचे आणि आपली बातमी डब्याच्या झाकणाखाली ठेवायचे. आईपेक्षा मला फक्त इंग्रजी बरं येत होतं. तेव्हा मी दुसऱ्या अर्जाला लागले.

दुसऱ्या अर्जाला स्पष्टीकरण जोडायचं होतं: तुमच्या मातोश्री खोटं का बोलल्या. दृष्ट म्हणजे काय हे युरोपातल्या साहेबाला कसं सांगायचं, याच्यावर मी एक अख्खा रविवार घालवला. शेवटी लिहिलं, की आमच्या समाजात ही बातमी परक्या माणसाला सांगत नाहीत आणि माझ्या आईच्या दृष्टीने आपण परके आहात, तरी राग नसावा. अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बहिणीचा आठवा सरत आला. परत फोन आला तर खरं सांगायचं, हे मी आईकडून घोकून घेतलं. सरावासाठी मी स्वयंपाकघरातून तिला फोन लावला आणि गोड आवाजात विचारलं, मुलगी गरोदर आहे का? "कोण म्हणता?" आई म्हणाली. सवय जात नव्हती. बहीण रोज फोनवर विचारायची, आलं का काही, आणि हल्ली ते विचारताना तिचा आवाज लहान व्हायला लागला होता.

फोन आला तो शनिवारी, आम्ही डंकावर मसाला कांडायला रांगेत उभ्या असताना. मे महिना, लालबागची ती गल्ली, भाजलेल्या मिरच्यांचा खकाणा, सगळ्या बायका पदर नाकाला लावून डबे घेऊन उभ्या. डंकांची धाडधाड अशी, की शेजारच्या बाईची शिंकसुद्धा ऐकू येऊ नये. आमच्या पुढे काकी होती. आईने फोन स्पीकरवर घेतला. ती नेहमीच स्पीकरवर घेते, फोन आरशासारखा तोंडापुढे धरते.

"मावशी, मागच्या अर्जाबद्दल बोलायचंय. तुमची मुलगी गरोदर आहे का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग काकीच्या पाठीकडे बघितलं. बाजूला होऊया म्हणून मी तिचा दंड धरला, पण आमच्या मागे आता अर्धं लालबाग उभं होतं.

"होय," आई पुटपुटली.

"ऐकू येत नाही, मावशी. मोठ्याने बोला."

"होय म्हटलंय."

"हॅलो? मावशी, आहे की नाही?"

आईने डोळे मिटले आणि देवापुढे गाऱ्हाणं घालताना लावतात तसा आवाज लावला. "होय, माझा चेडू गरोदर आसा, नववो लागलो, मी तिच्या बाळंतपणाक चाललंय." नेमका तेव्हाच डंकवाल्याने मसाला काढायला मशीन बंद केलं होतं. 'गरोदर'पासून पुढचं सगळं गल्लीने ऐकलं.

"मग मागच्या वेळी नाही का म्हणालात?" फोनमधल्या बाईने विचारलं. त्या शांततेत तीही सगळ्यांना ऐकू आली.

"बाय," आई हळू म्हणाली, "अशी गोष्ट कोणाक फोनार सांगतत?"

फोनमधली बाई म्हणाली, "नाही सांगत, मावशी. ठीक आहे, मी लिहून घेते."

फोन बंद झाला. रांगेत ओळखीच्या निदान आठ-दहा बायका होत्या, आणि त्यातली प्रत्येक जण एकदम आपापल्या डब्याच्या झाकणाकडे बघायला लागली. काकीने तर मानसुद्धा वळवली नाही. ती डंकवाल्याला म्हणाली, "बंद कित्याक केलंस रे? चालू कर. आमका काय काम नाय?" त्याने मशीन चालू केलं.

त्यानंतर चाळीत आम्हाला कुणी काही विचारलं नाही. जिथे गॅस सिलिंडर कधी संपला हेही विचारतात, तिथे. मला वाटलं होतं, बायका निदान नळावर तरी आईला गाठतील. कुणी गाठलं नाही. आई मात्र रोज देवापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायला लागली आणि बहिणीचा फोन वाजला की आधी मला उचलायला लावायची.

व्हिसा आला. बाळाच्या तारखेच्या आत पोचेल असं तिकीटही मिळालं. बॅगेत डिंक, अळीव, मेथ्या, बाळंतशेपा आणि वर्षभराचा मसाला. काका सामान तोलायला स्वतःचा वजनकाटा घेऊन आले आणि हल्ली तिकडे शिक्कासुद्धा मारत नाहीत, नुसता चेहरा टिपून घेतात, याच्यावर नाराजी व्यक्त करून गेले.

निघताना जिन्याच्या तोंडाशी काकी उभी होती. तिच्या हातात जुन्या सुती साडीचं, हाताने टाके घातलेलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं काहीतरी होतं. दोन वर्षांनी ती आईच्या एवढ्या जवळ उभी होती.

"तिकडे थंडी असता म्हणतत," काकी म्हणाली. "ठेव. फिरताना गळ्याक गुंडाळूक होतला."

आईने ते उलगडलं. ते जेमतेम हातभर होतं, एका कोपऱ्याला टोपीसारखं दुमडून शिवलेलं. मोठ्या माणसाच्या गळ्याला त्याचा एक वेढाही बसला नसता. आई त्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. हे काही एका दिवसाचं शिवण नव्हतं.

"गो," आई म्हणाली. "डॉक्टरान तारीख दिल्यान. पुढच्या..."

काकीने पटकन आपला हात आईच्या तोंडावर ठेवला.

"माका सांगू नको," ती म्हणाली. "ह्या येळाक माका काय एक सांगू नको."

मग तिने आईच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आमच्या पुढे जिना उतरायला लागली.