ताटावरून उठलेला माणूस

शांतवन मास्तरांची शिस्त अकोल्यातल्या त्यांच्या आख्ख्या ख्रिस्ती मंडळीला ठाऊक. शाळेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी चर्चमध्ये कोण किती मिनिटं उशिरा आलं हे त्यांना तोंडपाठ. प्रभुभोजनाच्या रविवारी तर विचारूच नका. मंडळीचा नियम मोडलेल्यांची नावं मास्तर आधी वाचून दाखवत. त्या माणसांनी मागच्या बाकावर बसायचं. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा पेला त्यांच्यापुढे थांबायचा नाही. सहा वर्षांपूर्वी त्याच खणखणीत आवाजात त्यांनी पोटच्या पोरीचं नाव वाचलं. वर्षालीनं दर्यापूरच्या संघपालशी, एका बौद्ध मुलाशी, रजिस्टर लग्न केलं होतं. लोक म्हणाले, मास्तर माणूस खरा. घरी येऊन हा खरा माणूस दोन दिवस जेवला नाही, ते मात्र कोणी पाहिलं नाही.

लेकीकडे ते वर्षातून एकदा जात. पाणी पीत. ताट वाढलं की, "पोट भरेल हाय माह्यं," म्हणून उठत.

परवाच्या रविवारी तरुणांच्या वर्गात धडा होता नियमशास्त्र आणि कृपा. मास्तरांचा हातखंडा विषय. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीत जेवत होता, नियमाची कडक माणसं आली तसा भिऊन बाजूला झाला, आणि प्रेषित पौलानं त्याला चारचौघांत झापलं. देव माणसाला जवळ करतो तो कृपेनं, नियम पाळले म्हणून नाही, मग तू कोण लांब सरणारा? तीस वर्षं मास्तर हे रंगवून सांगत आले होते. या खेपेला आकांक्षा नावाच्या पोरीनं मधेच विचारलं, "मास्तर, पेत्र उठून गेल्यावर पंगतीतल्या लोकायले कसं वाटलं असन?"

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. जन्मभर ते स्वतःला पौल समजत होते. आपण पेत्र आहोत हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळलं, आणि मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरची एसटी धरली. पण खोड जाते थोडीच? वाटेत त्यांनी भाषण तयार केलं: तुझी चूक पोटात घालतो, चर्चच्या पाळकांशी बोलतो, यादीतून नाव काढतो.

वर्षाली भाकरी थापून राहिली होती. संघपाल शेजारी बसून भरताची वांगी सोलत होता. मास्तरांनी दारातूनच सुरुवात केली, "वर्षाली, म्या तुले माफ..."

"बाबा," ती मागे न वळता म्हणाली, "माफ कराले आले का जेवाले?"

मास्तरांनी दारात चपला काढल्या. संघपालनं तिसरं ताट मांडलं. मास्तर त्याच्या शेजारी खाली बसले. त्यांना रडू येत होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"जेवाले आलो, बाई," ते म्हणाले. "वाढशीन का?"

वर्षालीचा हात थांबला तो थांबलाच. तव्यावरची भाकरी करपली. मास्तरांनी तीच मागून घेतली.